नवतपातला बर्फ

नवतपा लागला. सूर्य रोहिणीत शिरला की नऊ दिवस अकोल्याच्या माणसानं काय हिंडायचं-फिरायचं ते सकाळी नवाच्या आत उरकून घ्यावं आणि मग दारं-खिडक्या लावून अंधारात बसावं. पुण्याकडच्या माझ्या विहीणबाईंना हे काही केल्या पटत नाही. त्यांच्याकडे उजेड म्हणजे शुभ. आमच्याकडे मे महिन्यातला उजेड आगाऊ पाहुण्यासारखा असतो, फट दिसली की आत. म्हणून खिडकीला गोणपाट, गोणपाटावर तांब्या तांब्यानं पाणी, दाराच्या खालच्या फटीत जुन्या लुगड्याची गुंडाळी. एवढं झालं की मग घरात विहिरीच्या तळाशी असतो तसा हिरवट काळोख होतो आणि माणूस जरा माणसात येतो.

या ओल्या गोणपाटाचा वास आला की मला बर्फ आठवतो. नुसता नाही, पडणारा बर्फ. रस्त्यावर, माणसांच्या टोप्यांवर, एका बाईच्या कंदिलावर. मी जन्मात तो पाहिलेला नाही. आमच्या गल्लीतल्या कोणीच पाहिला नव्हता. आमचा बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या रंध्यावर किसलेला, वर लाल पाणी ओतलेला. तरीही त्या एका नवतपात आम्ही सात-आठ बाया तीन दुपारी त्या खऱ्या बर्फात बसून आलो. मीच नेलं सगळ्यांना. आणि एकीला तिथंच सोडून आले, हे मला कळायला वीस वर्षं लागली.

पण आधी माझ्या विद्वत्तेविषयी सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिच्यातून झाला.

माझं माहेर अमरावतीचं. कॉलेजात असताना वर्षातून एकदा पुस्तकांची एक मोटार यायची. तिच्यात रशियात छापलेली मराठी पुस्तकं असायची, गुळगुळीत कागदाची, आणि उघडल्यावर औषधाच्या दुकानासारखा वास यायचा. बाकीच्या मुली चित्रं बघून ठेवून द्यायच्या. मी पडले हुशार. मी रशियन भाषा शिकवणारं एक पुस्तक घेतलं आणि घरी येऊन आईला जाहीर केलं की उन्हाळ्यानंतर मी रशियन बोलेन. अकराव्या पानापर्यंत गेले. तिथं क्रियापदं सुरू झाली आणि माझा उन्हाळा संपला. हाती आले नमस्कार, धन्यवाद, भाकर हे तीन शब्द आणि एक पूर्ण वाक्य: हे माझ्या भावाचं टेबल आहे.

एवढ्या भांडवलावर मी अकोल्याला नांदायला आले. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, आमच्या सुनंले रशियाची भाषा येते. जशी कोणाची सून पेटी वाजवते तशी त्यांची सून रशियन बोलत होती. एकदा नात्यातल्या एका आत्याबाईंनी फारच आग्रह केला, तेव्हा मी पदर सावरून, दूरवर बघत, अत्यंत भावनेनं म्हटलं की हे माझ्या भावाचं टेबल आहे. आत्याबाईंचे डोळे पाणावले. आमचे हे कोपऱ्यात पेपर वाचत होते. पेपर हलत होता.

असं ते पात्र. मी शेचाळीस वर्षांची झाले तरी त्या पात्रात फरक पडला नव्हता.

*

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची ती वर्षं वऱ्हाडात कशी होती ते बाहेरच्यांनी पेपरात वाचलं. आम्ही पेपर उघडला की आधी गावाचं नाव बघायचो, मग आडनाव, आणि दोन्ही आपलं नसलं की चहा प्यायचो. हे लिहायला आता बरं वाटत नाही, पण तसंच होतं.

आमच्या समोरच्या घरात नलू राहायची. बत्तीस-तेहतीसची, अंगानं शेलाटी, आणि काम करताना जिभेचं टोक ओठांत धरायची सवय. तिचा नवरा गजूभाऊ बाजारातल्या एका कृषी केंद्रात काउंटरवर होता. बियाणं विकायचा. त्याची ख्याती अशी की शेतकरी दुकानात मालकाला नाही, त्याला विचारायचे. तो पाकीट हातात घ्यायचा, दोनदा हलवायचा आणि म्हणायचा, न्या, माह्या शब्दावर न्या. माणसं पाकीट नाही, तो शब्द घेऊन जायची.

एका वर्षी त्यानं असंच एक कपाशीचं बियाणं दिलं. झाडं कमरेएवढी वाढली, हिरवीगार, बघत राहावी अशी, आणि त्यांना बोंडं धरली नाहीत. दिवाळीनंतर माणसं दुकानात यायला लागली. कोणी भांडलं नाही. उपटलेलं झाड काउंटरवर ठेवायची आणि उभी राहायची. नलू सांगायची की ते घरी आले की हात धुत बसतात, किती येळ धुतात. धामणगावकडचा एक म्हातारा दर आठवड्याला रेल्वेनं यायचा, दुकानाच्या पायरीवर तासभर बसायचा, गजूभाऊनं दिलेलं पाणी प्यायचा आणि परत जायचा. बोलायचा काहीच नाही. मग तो यायचा बंद झाला.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी गजूभाऊ नलूला म्हणाला, त्या बुढ्याले पाहून येतो, संध्याकाळच्या गाडीनं वापस येतो. मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. माझ्याकडे बघून त्यानं हात केला. पांढरा शर्ट होता, खिशाला पेन. धामणगावच्या पलीकडे त्या गावात तो पोचला, एवढं नंतर कळलं. म्हाताऱ्याला जाऊन आठ दिवस झाले होते. गजूभाऊ त्याच्या अंगणात बसला, घरच्यांनीच त्याला पाणी दिलं, आणि तो स्टेशनाकडे चालत निघाला. त्यापुढे त्याला कोणी पाहिलं नाही. ना गाडीत, ना रुळावर, ना दवाखान्यात. पोलिसांत फोटो दिला, तो लग्नातला होता, मुंडावळ्यांसकट.

महिनाभरानं नवतपा लागला आणि नलू माझ्याकडे येऊन म्हणाली, काकू, शेवया कराच्या ना यंदा?

*

आमच्याकडे हे वाळवणाचं काम घरोघरी आळीपाळीनं असायचं. सकाळी उन्हात कुरडया, मुगवड्या. दुपारी सावलीत पाटावरच्या शेवया. त्या वर्षी सगळ्या बाया न ठरवता माझ्याच घरी जमायला लागल्या, कारण नलू समोर होती आणि तिला एकटं ठेवायचं नव्हतं. पाट खाटेला तिरपा लावायचा, नलू त्यावर बसून तळव्यानं कणीक लांबवत न्यायची, आणि खाली रशीदाभाभी तार झेलून काठीवर टाकायची. रशीदाभाभी मागच्या घरातली. कपडे शिवायची आणि तोंडानं कोणाचंही कापायची. तिचं रोजचं भांडण कूलरशी. कूलर लावला की शेवया ओल्या, बंद केला की बाया ओल्या.

तिच्या भावाचं अचलपूरला सीड्यांचं दुकान होतं. जे कोणी नेत नाही ते तो बहिणीला पाठवायचा. अशीच एक सीडी आली. वर रशियन अक्षरं आणि बर्फात उभा एक ओव्हरकोटवाला. हिंदी नाही, खाली वाक्यं नाहीत, काही नाही. रशीदाभाभी ती माझ्या हातात देऊन सगळ्यांसमोर म्हणाली, "लो मंदाबाई, अब तुम्हारा इम्तिहान."

शहाण्या बाईनं इथं डोकं दुखतंय म्हणून सांगितलं असतं. मी चष्मा लावला, अक्षरं वाचली, मान हलवली आणि म्हटलं, हा उजेडाच्या अन अंधाराच्या लोकांचा पिक्चर आहे. हे मात्र मी मनानं रचलं नव्हतं. मागच्या बाजूला अर्धा सूर्य आणि अर्धं काळं वर्तुळ काढलेलं होतं.

टीव्हीवर सीडी लावली, आणि नशीब असं की ते खरंच निघालं. एक शहर, कायम बर्फ पडणारं. तिथं उजेडाच्या बाजूची माणसं घरोघरचे दिवे सांभाळतात आणि अंधाराच्या बाजूची करड्या टोपीतली माणसं ते एकेक करून फुंकत जातात. ज्याचा दिवा गेला त्याच्या मनात जे काय काळं असेल ते उठून उभं राहतं. हे सगळं दिसत होतं, त्याला भाषा लागत नव्हती. भाषा लागायची तिथं मी होते. पडद्यावरचा माणूस तोंड उघडायचा आणि मी कणीक मळता मळता अकोल्याच्या बोलीत रशियन उतरवायची. मधूनच एखादा 'धन्यवाद' खरा ऐकू आला की मी सगळ्यांना थांबवून सांगायची, पाहा, धन्यवाद म्हणे. त्या एका शब्दावर बाकीचे दोनशे खपायचे.

नायक घरोघर जाऊन विजेची मीटरं बघणारा. बायांनी त्याला लाइनमन म्हणायला सुरुवात केली. तेव्हा दिवसातून दोनदा-तीनदा लाइन जायची, पाच-पाच तास यायची नाही. रशीदाभाभी उसासा टाकून म्हणाली, "ऐसा लाइनमन अपने यहाँ कायको नहीं आता?" एक टकला, घाऱ्या डोळ्यांचा माणूस होता, त्याला मी अंधाराचा मुकादम केला. ट्राममध्ये तिकिटं फाडणारी एक बाई होती, तिला लाइनमनच्या बायकोची सवत-होऊ-घातलेली केली, कारण त्याशिवाय बायांना चैन पडत नव्हतं. पहिल्याच दुपारी अर्ध्या बाया अंधाराच्या बाजूला गेल्या. त्यांचं म्हणणं, ते लोक गारव्यात तर बसतात, यायले काय दुख आहे. बाहेर पांढरं ऊन दारावर धडका मारत होतं. त्यांचंही काही चुकत नव्हतं.

लाइन गेली की पिक्चर थांबायचा. लाइनमन एक पाय उचललेला, तोंड उघडं, आणि पडदा काळा. मग त्या काळोखात बाया पुढं काय होईल यावर भांडायच्या. नलू कधी बोलायची नाही. शेवई लांबवत राहायची. पण मी पाहत होते: पहिल्या दिवशी ती पिक्चरकडे पाठ करून बसली, दुसऱ्या दिवशी तिनं पाट फिरवून घेतला.

कारण दुसऱ्या दिवशी लाइनमन गेला. करड्या टोपीवाल्यांनी त्याला ओढून नेलं नाही, हे मला अजून आठवतं. तो आपणच निघाला. कुठल्या तरी घरातला दिवा त्याच्या हातून विझला, त्या घरातलं कोणीतरी गेलं, आणि तो हात कोटाला पुसत, पुसत, गोठलेल्या नदीवरून पलीकडे चालत गेला. पलीकडे सगळं काळं. इकडच्या काठावर त्याची बायको कंदील घेऊन उभी. रशीदाभाभीनं कूलर लावला आणि शेवयांचं कोणी नाव काढलं नाही.

तिसऱ्या दुपारी शेवट. बायको त्याच काठावर, कंदील तोच, बर्फ तिच्या खांद्यावर साचलेला. आणि पलीकडून तो येतो. नदीच्या मधोमध येऊन थांबतो. तिथूनच बोलायला लागतो, बराच वेळ, हळू, एकेक शब्द. बाई रडते. त्याचा चेहरा जवळून दाखवला. मला एक शब्द कळला नाही. ना धन्यवाद, ना भाकर.

पाटावरचा हात थांबला होता. शेवईची तार खाली लोंबत होती, रशीदाभाभीनं ती झेलायला हात पुढं केलेला तसाच होता. नलूनं पिक्चरकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"काकू, काय म्हणून राह्यला तो?"

तीन दिवसांत तिनं विचारलेला हा एकच प्रश्न. आणि माझ्यातली ती हुशार बाई, अकराव्या पानावरची, एक क्षणही न अडखळता म्हणाली, "तो म्हणते, दिवा मालवू नको. तुह्या दिव्याच्या उजेडानं मले वाट दिसते. येळ लागन, पण मी येतो."

आणि त्याच क्षणाला पडद्यावरच्या बाईनं वाकून कंदील फुंकला.

सगळं काळं झालं. त्या काळ्यावर पांढरी नावं वर सरकायला लागली. रशीदाभाभी म्हणाली, पर बाई, वो तो बुझा दी ना? मी म्हटलं, अवो तो घरी आला न, आता कंदिलाचं काय काम? पडदा काळा होता. आत कोण आलं, कोण गेलं, कोणाला दिसत होतं? नलूनं जिभेचं टोक ओठांत धरलं आणि कणीक लांबवायला लागली. त्या दुपारच्या शेवया केसासारख्या बारीक झाल्या. मी मनात स्वतःची पाठ थोपटली. म्हटलं, मंदे, तू त्या पोरीला तारलं.

*

त्या संध्याकाळी नलूच्या ओसरीवरचा बल्ब लागला तो सकाळी बंद झाला नाही. लाइन गेली की तिथं कंदील टांगलेला असायचा, लाइन आली की बल्ब. आम्ही काही दिवस बोललो, मग सवय झाली. पोस्टमन नवा आला की त्याला खूण सांगायचे: दिवसा दिवा जळते ते घर.

पाऊस लागायच्या सुमारास वरूडहून तिचा भाऊ टेम्पो घेऊन आला. तिकडे संत्र्याच्या मालाची पॅकिंग चालते, काम होतं, दोन खोल्या रिकाम्या होत्या, तिच्या लहान लेकीसाठी, पायलसाठी, शाळा होती. नलू ऐकत नाही म्हणून त्यानं मला बोलावलं. तुमचं ऐकते म्हणाला. मीही तयारीनं गेले, पाच कारणं पाठ करून. भांडी अर्धी बांधलेली होती. नलू दारात उभी. भावाला म्हणाली, "मी आली, तर दिवा कोन लावन?"

त्या बिचाऱ्याला काही समजलं नाही. तो माझ्याकडे बघायला लागला. मला समजलं. मी आयुष्यात गप्प बसल्याच्या वेळा बोटांवर मोजता येतील, आणि नेमकी ती एक. तिथं नुसतं म्हणायचं होतं की नलू, अगं तो पिक्चर होता, आणि तोही मी रचलेला. पण बाया काय म्हणतील? सासूबाई जाऊन दहा वर्षं झाली होती, तरी त्या काय म्हणतील असंही वाटलं. रशियन येत नाही हे कबूल करायला माझी जीभ वळली नाही. टेम्पो रिकामा परत गेला.

मग वर्षं गेली. ती कशी जातात हे मला विचारू नका, मी शेवया मोजते. नलू एका शाळेत खिचडी शिजवायला लागली. पायल शिकली, नर्स झाली, नागपूरला लागली. रशीदाभाभी तीन वर्षांमागे गेली. तिची कैची नलूकडे आहे. नलूनं कुंकू पुसलं नाही, मंगळसूत्र काढलं नाही, हळदीकुंकवाला बोलावलं की यायची आणि तिला कुंकू लावताना काही बायांचा हात जरा घुटमळायचा. तिलाही दिसायचं ते. बल्ब जायचे, ती बदलायची. आधी पिवळे होते, मग पांढरे आले.

*

यंदा माझी नात ओवी पुण्याहून आली. वीस वर्षांची आहे, मराठी बोलते तर मला वाटतं बातम्या लागल्या. तिला मी हसवायला म्हणून रशियन पिक्चरची गोष्ट सांगितली, आत्याबाईंच्या टेबलासकट. ती हसून हसून लोळली आणि दुसऱ्या दिवशी मोबाइल घेऊन माझ्या खाटेवर आली.

"आजी, सापडला. खाली इंग्रजी वाक्यं आहेत, मी वाचते."

दुपार होती. गोणपाट ओलं होतं. बर्फ पडायला लागला आणि मी सरसावून बसले, कारण पुढच्या प्रत्येक घरात कोण आहे मला माहीत होतं, आणि मग कोणीच ते निघालं नाही. माझा अंधाराचा मुकादम, तो टकला, उजेडाच्या लोकांतला सगळ्यात मोठा माणूस निघाला. ट्राममधली सवत लाइनमनची सख्खी बहीण. आणि माझ्या तोंडून त्यांचं प्रेम जुळलेलं! ओवी पुन्हा हसली, मीही हसले. मग टकला कोणाला तरी म्हणाला, आणि ओवीनं वाचलं, की उजेडाच्या माणसाला सगळं माफ आहे, फक्त खोटं बोलायचं नाही. बोलला की त्याची टोपी करडी होते. मी वीस वर्षांपूर्वी तिथं सांगितलं होतं की तो चहा मागून राहिला.

शेवट आला. नदी, कंदील, खांद्यावरचा बर्फ. तो मधोमध थांबला. ओवी आपल्या स्वच्छ आवाजात वाचत गेली, तिला काय माहीत ती काय वाचते आहे.

"दिवा विझव. तो जळतो आहे तोवर मला ना इकडे येता येतं, ना पलीकडे जाता येतं. मी इथंच उभा आहे, बर्फावर. मी आता येणार नाही. तू घरी जा. तू गेलीस की मलाही जाता येईल."

मी तिला म्हटलं, पुन्हा वाच. तिनं वाचलं. मग म्हणाली, आजी, तू रडतेस काय, पिक्चर आहे.

बाहेर सत्तेचाळीस डिग्रीत कावळासुद्धा बोलत नव्हता. आणि माझ्या डोळ्यांपुढे गजूभाऊ, पांढरा शर्ट, खिशाला पेन, धामणगावच्या वाटेवर कुठेतरी बर्फावर उभा. ना इकडे, ना तिकडे. मी उभा केलेला.

*

दोन दिवस मी नलूकडे गेले नाही. तिसऱ्या दिवशी पायलचा फोन आला, माझ्याकडे, कारण आईला सांगून ती थकली होती. तिनं नागपूरला घर घेतलंय भाड्यानं, दोन खोल्या, आईनं यावं. आई काय म्हणते? पायल म्हणाली, काकूआजी, आई म्हणते दिवा कोन लावन.

डोक्याला दुपट्टा गुंडाळला आणि दहा वाजताच निघाले. गल्ली ओलांडायला वीस पावलं, त्यात चप्पल तापली. नलू ओसरीवर कैऱ्या सोलत होती. डोक्यावर बल्ब होता, लागलेला असणार. ऊन इतकं होतं की लागला आहे की नाही ते दिसत नव्हतं. एवढ्या वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, की दिवसा तो कोणालाच दिसत नसेल. पोस्टमनला सांगायची ती खूण खुणेपुरतीच होती.

मी बसले. तिनं पाणी दिलं. काही मनात योजून आले नव्हते, तसंच बोलून टाकलं.

"नलू, मले रशियन येत नाही."

तिचा हात थांबला नाही. साल लांबच लांब निघत होती. "ते तं सगळ्याईले माहीत होतं, काकू," ती म्हणाली. "रशीदाभाभी तं रोज घरी जाऊन तुमची नक्कल करे."

मला बसल्या जागी जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. शेवटी विचारलं, मग तू?

तिनं कैरी पाण्यात टाकली. "मले वाटलं, तेवढं एक वाक्य येत असन."

मग मी तिला खरं वाक्य सांगितलं. सगळं, ओवीनं वाचलं तसं, फक्त आमच्या बोलीत. दिवा मालव. मी इथंच उभा आहे. मी येत नाही आता. घरी जाय. तू गेली का मले जाता येते. सांगताना पहिल्यांदाच मी कोणाचा आवाज काढला नाही.

नलूनं दुसरी कैरी घेतली. विळी आडवी पाडून ठेवली. बराच वेळ ती कैरी हातातच फिरवत राहिली, दोनदा हलवून बघितली, गजूभाऊ पाकीट हलवायचा तशी.

"मंग ती बाई गेली का घरी?"

इथं माझ्या जिभेवर आलंच होतं, गेली, सुखानं गेली, लेकीकडे गेली. वीस वर्षांपूर्वीची ती बाई अजून मेली नाही माझ्यातली. पण म्हटलं, "माहीत नाही वो. पिक्चर तिथंच संपते. सगळं काळं होते."

"हो," ती म्हणाली. "ते मी पाह्यलं होतं."

मी घरी आले. ओवीनं पन्हं दिलं, ते तसंच राहिलं. दिवसभर मी आमच्या ओसरीच्या दाराशी बसून होते. झळा लागल्या, ह्यांनी दोनदा हाक मारली, मी उठले नाही. पायल येईल, सामान बांधून नेईल, कुंकवाचं काय करायचं ते नलू ठरवेल. मी काय सांगायचं ते सांगून झालं होतं, आणि ते खरं होतं, आणि त्यानं मला बरं वाटायला पाहिजे होतं.

ऊन उतरलं. पाखरं आली. साडेसातला गल्लीत एकेक दिवा लागायला लागला, पानवाल्याचा, कोपऱ्यावरचा, मागच्या रशीदाभाभीच्या घरचा, जिथं आता तिची सून आहे.

नलूची ओसरी काळी होती.

वीस वर्षांत मी ते घर काळं पाहिलं नव्हतं. दार कुठं आहे तेही कळेना. ती आत होती की पायरीवर बसली होती, मला दिसलं नाही. मग मी उठले आणि आमच्या ओसरीवरचं बटण दाबलं. हे आतून म्हणाले, अगं, आपण कधी लावतो का तो? उजेड गल्ली ओलांडून तिच्या पायरीपर्यंत जातो का ते बघत उभी राहिले.

जात नाही.